फळाचा श्वास किती अडवायचा?

तोडलेलं फळ जिवंत असतं. देठ तुटला तरी त्याचा श्वास चालूच राहतो. ऑक्सिजन आत, कार्बन डायऑक्साइड बाहेर, आणि सालीतून पाण्याची वाफ उडत जाते. वजन घटतं, साल सुरकुतते. फळांवरच्या खाद्य लेपांचा सगळा प्रवास मला एकाच प्रश्नाभोवती फिरलेला दिसतो: पाणी राखायचं, पण श्वास किती अडवायचा?

बाराव्या शतकात चीनमध्ये दूर पाठवायची संत्री-लिंबं मेणात बुडवत. पाणी टिकायचं, पण जाड थरामुळे फळाला हवाच मिळत नसे. या लेपाचा धंदा उभा राहिला तो १९२०च्या दशकात, अमेरिकेतल्या संत्र्यांवर. पॅकहाउसमध्ये फळं घासून धुतली की सालीवरचं नैसर्गिक मेण निघून जातं, ते भरून काढायला हा लेप. आधी वितळवलेलं पॅराफिन होतं. १९३०च्या दशकात ब्राझीलच्या ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं कार्नौबा मेण पाण्यात मिसळून वापरू लागले, त्यामुळे थर पातळ झाला.

पुढे चकाकीची हाव सुटली आणि शेलॅक लोकप्रिय झालं. ते आपल्याकडच्या लाखेपासून, म्हणजे लाखेच्या किड्यांच्या स्रावापासून बनतं. या स्रावावर संशोधन करणारी संस्था रांचीजवळ १९२४पासून आहे. शेलॅकने फळ आरशासारखं चमकतं, पण ऑक्सिजनची वाटही बऱ्यापैकी बंद होते. मग आतल्या आत अल्कोहोल तयार होतं आणि फोडीला आंबूस, शिळा वास येतो. १९९०च्या दशकात फ्लोरिडातल्या विंटर हेवनच्या प्रयोगशाळेने कोणत्या लेपातून किती वायू जातो हे मोजलं. या साऱ्या काळातलं सर्वांत मोलाचं काम मी हेच मानतो, कारण त्यामुळे चकाकी आणि ताजेपणा या वेगळ्या गोष्टी आहेत हे आकड्यांत दिसलं.

दरम्यान नवे पदार्थ येतच होते. साखर आणि मेदाम्लांची संयुगं आली. क्यूबेकमधल्या संशोधकांनी १९९१ मध्ये कायटोसानचा लेप स्ट्रॉबेरीवर वापरला. कवचधारी जलचरांच्या टरफलांपासून मिळणारा हा पदार्थ बुरशीलाही रोखतो. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘एपील’ या कंपनीने वनस्पतिजन्य मेदांपासून लेप बनवला आणि २०१८ मध्ये तो लावलेले अॅव्होकाडो अमेरिकेतल्या दुकानांत आले.

विदर्भातल्या वरूड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात लेप लावण्याच्या या कामाला सरळ ‘कोटिंग’ म्हणतात. संत्री धुवायची, वाळवायची, ब्रशवर फिरवत मेणाचा फवारा द्यायचा, पुन्हा वाळवून आकारानुसार निवडायची. नागपुरी संत्र्याची साल ढिली, चटकन दुखावणारी. तिथे लेप पाणी राखतो, पण जखमेतून शिरलेली बुरशी निव्वळ मेणाने थांबत नाही, आणि शीतगृहाची उणीवही भरून निघत नाही. तोडणीवेळी कात्री लावून देठ नीट राखणं अजूनही तितकंच महत्त्वाचं आहे.

आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार ताज्या फळांवर मधमाशांचं मेण, कार्नौबा किंवा शेलॅक चालतं, मात्र तसं लेबलवर लिहावं लागतं. हातगाडीवरच्या सुट्या फळाला लेबल कुठलं? म्हणून सुरीने साल खरवडून पांढरा भुगा दाखवणारे व्हिडिओ फिरतात आणि चांगल्या मालावरही संशय येतो. कोणतं मेण लावलं आहे, हे विक्रेत्याने पाटीवर लिहायलाच हवं.