भूमिगत इलेक्ट्रॉनिक संगीत : देवाणघेवाण, चर्चा आणि रिद्धपूरची संकलनपरंपरा

प्रस्तावना

वऱ्हाडातील लग्नाच्या वरातीत, गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीत अथवा १४ एप्रिलच्या भीमजयंतीस जे संगीत डीजेच्या ध्वनिवर्धकांतून ऐकू येते, त्याचा बराच भाग संगणकावर सिद्ध झालेला असतो. त्यातील कित्येक रचना कोणत्याही ध्वनिमुद्रण कंपनीने प्रसिद्ध केलेल्या नसतात. आकाशवाणीवर त्या वाजत नाहीत आणि वृत्तपत्रांत त्यांचे परीक्षण येत नाही. एका तरुणाने त्या तयार केलेल्या असतात व त्या हातोहाती पसरतात. अशा संगीतास ‘भूमिगत’ ही संज्ञा लावली जाते. येथे भूमिगत म्हणजे गुप्त किंवा बेकायदेशीर नव्हे. प्रस्थापित प्रकाशनव्यवस्थेच्या बाहेर निर्माण होणारे आणि परिचितांच्या मंडळात फिरणारे संगीत, असा या संज्ञेचा अर्थ आहे.

असे संगीत दोन क्रियांवर जगते. पहिली देवाणघेवाण, म्हणजे प्रती काढून त्या परस्परांस देणे. दुसरी चर्चा, म्हणजे रचना कोणाची, कोठून आली, आधीच्या रचनेहून तीत वेगळे काय, याचा ऊहापोह. यांपैकी पहिली क्रिया सहज नजरेस येते. परंतु रचनेचा अर्थ पुढील पिढीपर्यंत पोहोचतो तो दुसऱ्या क्रियेची नोंद राहिली तरच, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी मुंबई व गोवा येथील दोन उदाहरणे घेतली असून, तुलनेसाठी अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथील ग्रंथसंकलनाची परंपरा विचारात घेतली आहे.

१. मुंबई, १९८२ : मंडळावाचून रचना

चरणजित सिंग हे मुंबईतील हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत काम करणारे वादक होते. १९८२ मध्ये त्यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. भैरव, ललित, भूपाली, तोडी, यमन, मालकंस आदी दहा राग त्यांनी रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर वाजविले. टीआर ८०८ हे तालाचे यंत्र, टीबी ३०३ हे खर्जाच्या स्वरांचे यंत्र, तर ज्युपिटर ८ हे स्वररचनेचे वाद्य होते.

यांपैकी टीबी ३०३ ची रचना समजून घेणे आवश्यक आहे. गिटारवादकास खर्जाची साथ यंत्राने मिळावी, हा या यंत्राचा मूळ हेतू होता. त्यात स्वरांचा एक क्रम भरून ठेवता येतो व तो क्रम अखंड आवर्तत राहतो. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर सरकत जाण्याची सोयही त्यात आहे. भारतीय श्रोत्यास ती मींडेची आठवण करून देते. मूळ हेतू साध्य न झाल्याने कंपनीने १९८४ मध्ये या यंत्राचे उत्पादन थांबविले. पुढे १९८७ मध्ये शिकागो येथील ‘फ्यूचर’ या गटाने ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही रचना याच यंत्रावर प्रसिद्ध केली आणि ‘ॲसिड हाऊस’ हा प्रकार नावारूपास आला.

सिंग यांची ध्वनिमुद्रिका त्याआधी पाच वर्षांची. तरीही तिची दखल घेतली गेली नाही. ती एका मोठ्या कंपनीने प्रसिद्ध केली होती. म्हणजे तिच्या प्रती उपलब्ध होत्या. मात्र शास्त्रीय संगीताच्या रसिकांस ती डिस्को वाटावी आणि डिस्कोच्या श्रोत्यांस ती शास्त्रीय वाटावी, अशी तिची स्थिती होती. तिच्याविषयी बोलणारे मंडळच नव्हते. एदो बाऊमन या डच संग्राहकाने २०१० मध्ये तिचे पुनःप्रकाशन केले, तेव्हा काही श्रोत्यांस ती अलीकडे केलेली बनावट रचना असल्याचा संशय आला. समकालीन चर्चेची नोंद नसली, की खऱ्या वस्तूसही पुरावा द्यावा लागतो, हे यावरून दिसते. सुदैवाने सिंग तेव्हा हयात होते व स्वतः सांगू शकत होते. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

२. गोवा : मंडळ आहे, लेखी नोंद नाही

गोव्यातील हणजूण व वागातोर येथील किनारी संगीतरात्रींचे उदाहरण याच्या उलट आहे. १९८० च्या दशकात तेथे रॉक संगीताची जागा हळूहळू इलेक्ट्रॉनिक संगीताने घेतली. लॉरेन्ट या फ्रेंच डीजेसारखे वादक युरोपातील रचनांतील गायनाचा भाग वगळून, उरलेल्या तुकड्यांची जुळवणी कॅसेटवर करीत. सॅन फ्रान्सिस्कोहून १९७० च्या सुमारास आलेले गोवा गिल हे या मंडळातील प्रमुख नाव होय.

किनाऱ्यावरील उष्मा, दमटपणा व धूळ यांत तबकड्या वापरणे अवघड असल्याने तेथे कॅसेट आणि पुढे डॅट फीत रूढ झाली. डॅट ही अंकीय ध्वनिफीत १९८७ मध्ये बाजारात आली. साध्या कॅसेटची प्रत काढली की प्रत्येक वेळी खरखर वाढते व आवाज मंदावतो. डॅटच्या प्रतीत असा ऱ्हास जवळजवळ होत नाही. त्यामुळे अप्रकाशित रचना प्रवाशांबरोबर लंडनहून हणजूणला व तेथून अन्यत्र जाऊ लागल्या. माध्यमाचा परिणाम रचनेवरही झाला. डॅट यंत्रावर गती कमीअधिक करून दोन रचनांचे ठोके जुळविणे सहसा शक्य नसे. यास्तव रचनांच्या आरंभी व शेवटी ठोका नसलेला दीर्घ भाग ठेवण्याची पद्धत पडली. १९९० च्या दशकात लंडनमधील ‘ड्रॅगनफ्लाय’ व ‘टिप’ यांसारख्या संस्थांनी हे संगीत प्रसिद्ध केल्यावर ‘गोवा ट्रान्स’ हे नाव जगभर पोहोचले.

येथे देवाणघेवाण आणि चर्चा दोन्ही विपुल होत्या. तथापि चर्चा तोंडी होती. कोणत्या रात्री कोणत्या क्रमाने काय वाजले, फीत कोणाकडून आली, हे सहसा लिहून ठेवले जात नसे. किनाऱ्यावर चटया पसरून रात्रभर चहा विकणाऱ्या स्थानिक स्त्रियांनी हे सारे संगीत ऐकले. त्यांचे म्हणणे या इतिहासात क्वचितच आढळते. २०२३ मध्ये गोवा गिल यांचे निधन झाले. फिती उरतात, त्यांविषयी सांगणारे एकेक करून जातात.

३. रिद्धपूर : पाठभेदांसह जतन

मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे श्रीगोविंदप्रभूंचे स्थान आणि महानुभाव पंथाचे आद्य केंद्र. श्रीचक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर त्यांचे अनुयायी येथे एकत्र आले. म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी ज्यांनी प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. पुढे परचक्राच्या काळात मूळ प्रत नष्ट झाली व अनुयायांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला, असे परंपरा सांगते.

संगीताशी या ग्रंथाचा विषय जुळत नाही. जुळते ती लहान मंडळाने आपला ठेवा राखण्याची समस्या. स्मरणातून ग्रंथ उभा करताना निरनिराळे पाठ पुढे आले. त्यांपैकी एकच ठेवून बाकीचे पुसून टाकण्याऐवजी, हा पाठ हिराइसांचा, हा अमक्या परंपरेचा, असे भेद नामनिर्देशासह जपले गेले. म्हणजे रचनेबरोबर तिच्याविषयीची चर्चाही जतन झाली.

याच पंथाने पुढे सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांचा वापर केला. त्यात एका अक्षराऐवजी ठरावीक दुसरे अक्षर लिहिले जाई. त्यामुळे ग्रंथ मंडळाबाहेर कित्येक शतके वाचले गेले नाहीत. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा प्रसिद्ध केल्यावर ते विद्वानांपुढे आले. गुप्ततेने ग्रंथ बाहेरच्यांपासून दूर राहिले. परंतु उलगडल्यानंतर त्यांतून अर्थ लागला, तो आत नोंदविलेल्या नावांमुळे व पाठभेदांमुळे.

४. वऱ्हाडातील आजची स्थिती

मिरवणुकीच्या संगीतात डफड्याचा ठेका, जुन्या भीमगीताची ओळ आणि संगणकीय खर्ज यांची सांगड घातलेली आढळते. काही वर्षांपूर्वी अशा रचना मोबाइलच्या दुकानांतून मेमरी कार्डवर भरून दिल्या जात. आज त्या व्हॉट्सॲप व यूट्यूबवरून फिरतात. अनेक रचनांत मध्येच डीजेचे नाव उच्चारलेले असते. अभंगातील नाममुद्रेप्रमाणे ती कर्त्याची खूण होय. मात्र मूळ गीत कोणाचे, गायक कोण, वर्ष कोणते, हे त्या खुणेत नसते. गीताचा शाहीर अशा वेळी अनामिक होतो, आणि ज्या समाजाने हे गीत जपले त्याच्या इतिहासाचा एक दुवा निखळतो.

या संगीताविषयी सार्वजनिक चर्चा होते ती बहुधा गोंगाटाच्या अंगाने. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि तिचा आग्रह रास्तच आहे. परंतु डेसिबलच्या मापाने आवाजाची पातळी कळते, रचनेचे स्वरूप कळत नाही. रचना समजण्यासाठी ती बेताच्या आवाजात, शांतपणे ऐकावी लागते. आणि हे काम महाविद्यालयात होऊ शकते.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचे उदाहरण येथे उपयुक्त आहे. तेथे १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला गेला व तो १९७२ पर्यंत चालला. त्या काळातील फिती संस्थेच्या संग्रहात राहिल्या आणि निवडक रचना २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. संस्थेने जपल्या म्हणूनच त्या अर्ध्या शतकानंतर ऐकता आल्या.

समारोप

मुंबईच्या उदाहरणात प्रती होत्या, पण मंडळ नव्हते. गोव्यात मंडळ होते, पण लेखी नोंद नव्हती. रिद्धपूरने मंडळ आणि नोंद दोन्ही राखली. वऱ्हाडातील संगीतास आज मंडळ आहे; उणीव आहे ती नोंदीची. मराठी, संगीत, समाजशास्त्र व संगणकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन विद्यार्थ्यांकरवी प्रत्येक रचनेची साधी नोंद ठेवल्यास ही उणीव दूर होऊ शकते. कर्ता, तारीख, मूळ गीत व गायक, वापरलेली साधने आणि वाजविण्याचा प्रसंग एवढ्या बाबी त्यासाठी पुरेशा आहेत. एका रचनेची अनेक रूपे असतील, तर ती सांगणाऱ्याच्या नावासह स्वतंत्र नोंदवावीत. कर्त्याची संमती घ्यावी व त्याचे म्हणणे त्याच्याच वऱ्हाडी बोलीत उतरवावे. आता रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. या परिसरातील महाविद्यालयांस म्हाइंभटांच्या कार्यपद्धतीचा आदर्श शोधण्यास दूर जावे लागणार नाही.