साठ पानांचा संसार

मे महिन्याच्या सुट्टीत इस्लामपूरला मामाच्या ओसरीवर मेंढीकोटाचा डाव पडे, तेव्हा पाने वाटण्याचे काम मामाकडेच असे. तो प्राथमिक शाळेत मास्तर. "आलेल्या पानांवर रडायचं नाही," हा त्याचा एकमेव नियम, आणि तो मोडणाऱ्याला पुढच्या डावात बसता येत नसे. बदाम सात, लॅडीस, रमी, भिकार-सावकार हे आपले सगळेच खेळ एका गृहीतावर उभे आहेत. कॅट सर्वांचा एकच, बावन्न पानांचा. कोणाच्या हाती काय येईल हे पिसणाऱ्याच्या बोटांवर आणि ज्याच्या त्याच्या नशिबावर. वाड्यातला इस्पिक एक्का आणि झोपडीतला इस्पिक एक्का यांची किंमत सारखीच.

हे गृहीत माझ्यापुरते १९९५ च्या हिवाळ्यात मोडले. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका विद्यापीठात मी तेव्हा एम. एस. करीत होतो. बाहेर बर्फ, खोलीत एकटेपणा, आणि गावात एका दुकानाची मागची खोली, जिथे शुक्रवारी रात्री वीस-पंचवीस पोरे लांब टेबलांवर पत्ते खेळत. मी सहज डोकावलो. पत्त्यांवर इस्पिक-बदाम नव्हते. देवदूत, राक्षस, जंगले, ज्वालामुखी होते. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफांची आठवण व्हावी अशी चित्रे. (दशावतारी गंजिफात दहा अवतारांची प्रत्येकी बारा अशी एकशेवीस पाने असतात; चित्रांच्या पत्त्यांचे नवल निदान आपण तरी वाटून घेऊ नये.) खरे नवल निराळेच होते. समोरासमोर बसलेल्या दोघांचे कॅट वेगवेगळे होते. प्रत्येकाने आपापला घरून बांधून आणला होता!

या खेळाचे नाव 'मॅजिक : द गॅदरिंग'. तो रचला रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने. क्रमचय-समुच्चयाच्या गणितात डॉक्टरेट मिळवलेला हा माणूस. १९९३ च्या ऑगस्टमध्ये 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या लहानशा कंपनीने तो बाजारात आणला. पाने बंद पाकिटात मिळत. आत काय निघेल ते ठाऊक नाही. काही पाने सर्रास, काही दुर्मीळ. गारफील्डचा अंदाज असा, की माणूस थोडी पाकिटे घेईल, मित्रांशी अदलाबदल करील आणि खेळेल. फार जोरदार पाने कोणा एकाकडे साठणारच नाहीत. अंदाज साफ चुकला. लोकांनी पेटारेच्या पेटारे विकत घेतले. अखेर १९९४ मध्ये स्पर्धांसाठी नियम झाला : डेक किमान साठ पानांचा, आणि जमिनीची साधी पाने सोडली तर एका नावाची चारापेक्षा जास्त पाने नाहीत. त्याच वर्षी मिलवॉकीला पहिली जागतिक स्पर्धा झाली. ती झॅक डोलन या अमेरिकी खेळाडूने जिंकली.

खेळ कसा चालतो ते थोडक्यात सांगतो. दोघांचे प्रत्येकी वीस प्राण. हातात सात पाने. प्रत्येक पाळीत एक पान ओढायचे आणि जमिनीचे फार तर एकच पान मांडायचे. जमिनीतून शक्ती निघते, तिला 'माना' म्हणतात. तो खर्चून प्राणी बोलवायचे किंवा मंत्र टाकायचे. पहिल्या पाळीला माना एक, दुसऱ्या पाळीला दोन, तिसऱ्या पाळीला तीन. समोरच्याचे वीस प्राण संपले की डाव आपला. पण मेख अशी, की त्या पाळीत न वापरलेला माना पुढे उरत नाही. आमच्या सरकारी खात्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. ३१ मार्चला न खर्चलेली तरतूद बुडते तसेच हे.

मी त्या पाकिटांच्या पूर्ण आहारी गेलो. इथे एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे. माझ्या विमानाच्या तिकिटासाठी मामाने गावच्या पतसंस्थेतून स्वतःच्या नावावर चाळीस हजारांचे कर्ज काढले होते. मी दरमहा साठ डॉलर पाठवायचे, असे ठरले होते. डॉलर तेव्हा पस्तीस रुपयांच्या आसपास होता, म्हणजे महिना एकवीसशे. १९९६ च्या फेब्रुवारीपासून मे पर्यंत मी एक पैसाही पाठवला नाही. ते दोनशे चाळीस डॉलर पंधरा-पंधरा पानांच्या पाकिटांत आणि पाकिटाबाहेर सुट्ट्या विकल्या जाणाऱ्या दुर्मीळ पानांत गेले.

बदल्यात माझ्याकडे काय होते? काळा डेक होता. त्या वर्षी 'नेक्रोपोटेन्स' नावाच्या पानाने स्पर्धांत नुसता धुमाकूळ घातला होता. हे पान मांडले की दर पाळीला पान ओढण्याचा हक्क जातो. पण आपला एक प्राण दिला की एक पान मिळते, आणि असे हवे तितके प्राण द्यावेत. १९९५ साली ते आले तेव्हा अनेकांनी नाक मुरडले होते : आपल्याच रक्ताने पाने कोण विकत घेईल? वर्षभरात उत्तर मिळाले. प्राण वीस असोत की तीन, जिवंत माणूस जिवंतच असतो. आणि ज्याच्या हाती सात पाने आहेत तो दोन पाने धरून बसलेल्याला चिरडतो. १९९६ चा उन्हाळा या खेळाच्या इतिहासात 'काळा उन्हाळा' म्हणून ओळखला जातो. मी त्या उन्हाळ्यातला एक किरकोळ शिपाई. रोज रात्री स्वतःचे प्राण देऊन पाने घेत होतो आणि दिवसा मामाचे पैसे देऊन.

जूनमध्ये मामाचे पत्र आले. पैशांचा उल्लेख शेवटच्या ओळीत होता. उसाचे बिल लांबले आहे, पण तू घाई करू नकोस, अभ्यासाचे पाहा, एवढेच. ते पत्र मी एकदाच वाचले. दुसऱ्यांदा उघडायचा धीर झाला नाही.

त्या शनिवारी मी चारही 'नेक्रोपोटेन्स', चार 'अंडरग्राउंड सी' आणि बाकी जे काही कोणी घेईल ते विकले. हाती आले एकशे ऐंशी डॉलर. ('अंडरग्राउंड सी' हे निळा आणि काळा असा दोन्ही माना देणारे जमिनीचे जुने पान. कंपनीने ज्या जुन्या पानांची पुन्हा छपाई न करण्याचे वचन दिले आहे, त्यांत ते येते. आज त्यातल्या एकेकाला काही शे डॉलर पडतात. हे मी बायकोला सांगितलेले नाही. आता ती वाचील.) ड्राफ्ट इस्लामपूरला गेला. माझ्याजवळ उरला तो कोणालाच नको असलेला लाल कचरा : भेकड ओर्क, पितळी माणसे, आगीचे मंत्र, एका माळेत न बसणारी पाने.

आणि याच कचऱ्याने मला हा खेळ खऱ्या अर्थाने शिकवला. त्याच वर्षी अटलांटातील एका पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय या खेळाडूने असलाच एक लाल डेक नेऊन मोठमोठ्यांना घाम फोडला होता. रचना जे श्नायडर यांची, पण नाव पडले 'स्लाय'. त्यातले 'आयर्नक्लॉ ओर्क्स' हे पान पाहून लोक हसत. दोन माना लागणारा प्राणी, आणि आपल्या तोडीचा शत्रू अंगावर आला तर तो आडवा होण्यास चक्क नकार देतो! पण श्नायडरने एकेका पानाचे बळ मोजलेच नव्हते, हिशेब मांडला होता साऱ्या साठ पानांचा. एक मानाची पाने किती, दोन मानाची किती, तीन मानाची किती. म्हणजे पहिल्या पाळीपासून प्रत्येक पाळीला सगळा माना खर्च होईल, एक कणही वाया जाणार नाही. समोरचा सहा मानाचा राक्षस हातात धरून सहाव्या पाळीची वाट पाहत असताना आपले पाच फाटके शिपाई त्याच्या अंगणात पोचलेले असतात. या उतरंडीला खेळाडू 'माना कर्व्ह' म्हणतात. मला त्यात माझ्या आईची महिन्याची वही दिसली. कमी पगारात घर चालते ते मोठ्या खरेदीने नव्हे. पैसा कोणत्या तारखेला कुठे लागणार हे आधी ठाऊक असल्याने.

शिवाय गंमत पाहा. 'नेक्रोपोटेन्स'वाला स्वतःच स्वतःचे प्राण खर्चून सहा-सातवर येऊन बसतो. 'लायटनिंग बोल्ट' हे एका मानाचे, पाकिटा-पाकिटात सापडणारे पान थेट तीन प्राण घेते. श्रीमंताने स्वतःहून उघडे टाकलेले दार, आणि आमच्यासारख्यांच्या हातात तीन-तीन आण्यांचे दगड!

स्पर्धेची पद्धत बुद्धिबळाच्या स्विस लीगसारखीच : हरला तरी घरी जायचे नाही, सारख्या गुणांच्या माणसाशी पुढची गाठ. तीन डावांतले दोन जिंकायचे. शिवाय पंधरा राखीव पाने, पहिला डाव पाहून बदलण्यासाठी. त्या शरद ऋतूत आमच्या दुकानातल्या स्पर्धेत मी चार फेऱ्या जिंकलो. त्यांतले तिघे काळे डेकवाले होते. शेवटच्या फेरीत समोर आला दुसरा लालवाला. त्याचे शिपाई माझ्याहून बारीक आणि चपळ, आणि सुरुवातही त्याची. एक-एक डाव झाला. तिसऱ्यात त्याचे प्राण दहा, मैदानात त्याचे तीन लहान प्राणी. माझ्या हाती दोन 'बोल्ट' आणि एक 'इन्सिनरेट', म्हणजे तीन त्रिक नऊ. सवयीने मी तिन्ही त्याच्या अंगावर फेकले. उरला एक. तो एक प्राण घेऊन त्याने तीन प्राण्यांनी दोन पाळ्यांत माझा निकाल लावला.

चूक काय झाली हे मला तीन वर्षांनी कळले. माइक फ्लोरेस या खेळाडूने १९९९ मध्ये लिहिलेला एक लेख या खेळातला पायाभूत लेख मानला जातो. मुद्दा साधा आहे. दोन सारखे डेक समोरासमोर आले, तरी त्यांतला एक हल्ला करणारा असतो आणि दुसरा थोपवणारा. आपण कोण, हे ज्याने चुकीचे ठरवले तो हरला. माझा डेक त्याच्याहून मंद, पण शेवटी जड होता. मी तीन मंत्रांनी त्याचे तीन प्राणी मारून स्वस्थ बसायला हवे होते. पण मी स्वतःला गरीब, घाईत असलेला, हल्ला करणाराच समजत होतो. तीच भूमिका सर्वत्र मिरवण्याची सवय लागली होती.

मात्र अकलेने पैशावर नेहमीच मात होते असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. १९९८-९९ च्या हिवाळ्यात काही पाने इतकी बेफाम निघाली, की प्रतिस्पर्ध्याला हालचाल करू न देता पहिल्या-दुसऱ्या पाळीतच डाव संपू लागले. कंपनीला बंदीवर बंदी घालावी लागली. 'मेमरी जार' हे पान तर १९९९ मध्ये बाजारात येताच बंद झाले. तिथे कसला ओर्क नि कसली वही! उलट २००० साली ब्रसेल्सच्या जागतिक अंतिम सामन्यात जॉन फिंकेल आणि बॉब माहर जवळजवळ सारखेच डेक घेऊन बसले आणि फिंकेल जिंकला. जर्मनीच्या काय बुडे याने १९९९ ते २००३ या काळात सात प्रो टूर जिंकल्या. नशिबाचा खेळ म्हणणाऱ्यांनी या आकड्याचे काय करायचे ते ठरवावे. एवढे मात्र खरे, की या मंडळींपैकी कोणाला पानांसाठी मामाचे पैसे चोरावे लागले असतील असे वाटत नाही.

१९९८ मध्ये परत आलो तेव्हा कर्ज फिटले होते. मी मामाला सारे सांगितले. त्याने लाल डेक हातात घेतला, एकेक पान उलटेसुलटे पाहिले, हुकूम कुठला असे विचारले. हुकूम नसतो म्हटल्यावर जरा हिरमुसला. मग म्हणाला, "म्हणजे पानं तुझी तूच वाटून घेतोस, आणि तरी हरतोस?"

आता माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. ती हा खेळ संगणकावर फुकट शिकली. तिथे रोजच्या खेळाची बक्षिसे असतात. मागच्या वर्षी पुण्यातल्या एका कॅफेत रविवारची स्पर्धा होती, खऱ्या पानांची. तिने मला तिला हव्या असलेल्या डेकची यादी दाखवली. किंमत पाहून मी गप्प बसलो. नाही म्हणण्याचा अधिकार मला नव्हता आणि हो म्हणण्याची ऐपत असूनही तोंड उघडेना. शेवटी मी तिला पंधराशे रुपये दिले आणि सांगितले, यात बसेल तो बांध. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "लालच होतो एवढ्यात."

कॅफेत तिच्यासमोर एक कॉलेजचा मुलगा होता. त्याच्या प्रत्येक पानाला स्वतंत्र चकचकीत पिशवी. मी मागे उभा राहून पाहत होतो. तिच्या हातात तीन प्राण घेणारे पान होते, त्याच्याकडे उरले होते पाच. मी श्वास रोखला. तिने ते पान त्याच्या अंगावर टाकले नाही; त्याच्या एका फालतू दिसणाऱ्या प्राण्यावर टाकले आणि खुर्चीत मागे टेकून बसली. त्या मुलाने प्रथमच मान वर करून तिच्याकडे पाहिले.

पाचपैकी दोन फेऱ्या ती जिंकली. ही त्यांतली होती. परतताना रिक्षात तिने माझ्या खिशातले पेन घेतले आणि प्रवेशपत्रिकेच्या मागे आकडे मांडू लागली. जमिनीची बावीस पाने जास्त होतात का, वीसच ठेवू का, असे तिने विचारले. मी म्हटले, दोन पाने काढलीस तर त्यांच्या जागी काय घालणार? स्वारगेट येईपर्यंत आमचे काही ठरले नव्हते.