ही ‘प्रोग्रॅम मॅनेजर’ नक्की करते तरी काय?

शेजारच्या सुनेला औषधांच्या कंपनीत ‘प्रोग्रॅम मॅनेजर’ म्हणून बढती मिळाली. पेढे आले, तुम्ही तोंड भरून कौतुकही केलंत; पण ती तिथं नक्की करते काय, हे विचारायचं राहूनच गेलं. असं तुमचं झालंय ना? प्रोग्रॅम म्हटलं की आपल्याला आकाशवाणी नाहीतर गणपतीचा मंडप आठवतो! बरं, ही बाई औषध शोधून काढत नाही, ते शास्त्रज्ञांचं काम. ती ते तयार करत नाही, तपासत नाही, रोग्याला टोचतही नाही. मग पगार कशाचा, असं एखाद्या सासूबाईंनी विचारलं तर त्यांना तरी कसा दोष द्यायचा?

आधी हा धंदा कसला ते पाहू. डोकेदुखीची गोळी रसायनं एकत्र करून बनते. लस किंवा इन्सुलिन यांची गोष्ट निराळी. ती जिवंत पेशींकडून नाहीतर जंतूंकडून करवून घ्यावी लागतात. आपल्या विरजणासारखंच म्हणा ना! दूध तेच, पातेलं तेच, पण थंडी वाढली की दही लागत नाही. कधी आंबट होतं, कधी तार सुटते. आपण ते कढीत ढकलतो. इथं तशी सोय नाही. एक घाण बिघडला तर कित्येक महिन्यांचं काम आणि लाखो रुपये पाण्यात. म्हणून विरजण जपण्यापासून ते बाटली दवाखान्यात पोचेपर्यंत दहा खात्यांना एका वेळापत्रकात बसवणारं माणूस लागतं. तीच ही प्रोग्रॅम मॅनेजर.

एक खरी हकीकत सांगते, म्हणजे नीट कळेल. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात डिसेंबर ते जून या कोरड्या दिवसांत मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा ताप येई. डॉक्टर त्याला मेनिंजायटिस म्हणतात. १९९६–९७ च्या साथीत अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि सुमारे पंचवीस हजार दगावले. जी मुलं वाचली त्यांतली कित्येक बहिरी झाली. जुनी लस होती, पण ती तान्ह्या मुलांना फारशी लागू पडत नसे आणि तिचा गुणही लवकर ओसरे.

२००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ ही संस्था यांनी मिळून नव्या लसीचा प्रकल्प हाती घेतला. पैसा गेट्स फाउंडेशननं दिला. डॉ. मार्क लाफोर्स हे त्याचे संचालक. पद मोठं, पण काम हेच, सगळ्यांची मोट बांधण्याचं. आफ्रिकेतल्या अधिकाऱ्यांनी त्यांना आधीच बजावलं होतं, की लस अर्ध्या डॉलरपेक्षा महाग असेल तर आम्हाला ती परवडणार नाही. अर्धा डॉलर म्हणजे २०१० च्या दरानं बावीस-तेवीस रुपये. आता गंमत बघा. आपण वस्तू करतो आणि मग तिची किंमत ठरवतो. इथं किंमत आधी ठरली आणि त्या किमतीत लस बसवायची होती! बड्या कंपन्यांशी बोलणी फिसकटली.

मग सामान गोळा झालं ते असं. जंतूच्या आवरणातली साखर सुरुवातीला ॲमस्टरडॅमहून. ती साखर प्रथिनाला जोडण्याची युक्ती अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतली. (नुसती साखर बाळाच्या शरीराला नीट ओळखू येत नाही. ओळखीच्या पाहुण्याबरोबर अनोळखी माणूस घरात यावा, तशी ती प्रथिनाचा हात धरून आली की ओळख पटते.) ते प्रथिन म्हणजे आपल्या धनुर्वाताच्या लशीतलंच, आणि सगळं एकत्र करून लस बनवायची ती पुण्याला, हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. २००५ साली माणसांवरची पहिली चाचणी भारतात झाली, पुढच्या चाचण्या माली, गांबिया, सेनेगल इथल्या. डिसेंबर २००९ मध्ये भारत सरकारचा परवाना मिळाला, जून २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता.

यात एकही टप्पा उडी मारून ओलांडता येत नाही. लस दोन वर्षं टिकते असं म्हणायचं तर ती तेवढा काळ ठेवून, मधून मधून तपासून दाखवावी लागते. तिथं घाई चालत नाही. आणि मान्यता जूनऐवजी फेब्रुवारीत आली असती, तर साथीचे दिवस ऐन भरात असते. ज्या लसीनं वाचायचं ती मुलं तोवर गेली असती. तारखेचं महत्त्व असं. ते कोणी लक्षात ठेवायचं? प्रयोगशाळेतल्या माणसाचं लक्ष त्याच्या नळीकडे, परवान्याच्या माणसाचं त्याच्या कागदाकडे. दोघंही आपापल्या जागी बरोबरच असतात.

बारीकसारीक गोष्टींचं तर विचारूच नका. ही लस म्हणजे भुकटीची बाटली, एका बाटलीत दहा जणांपुरती. ती कालवायचं द्रावण वेगळं. भुकटी पोचली आणि द्रावण मागे राहिलं तर सगळी पंगत पानावर बसून आणि वरणाचा पत्ता नाही अशी गत. सुया वेगळ्या, थंड पेट्या वेगळ्या. हे सगळं जुळलं तेव्हा ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोमध्ये मोहीम सुरू झाली आणि दहाच दिवसांत एक कोटीहून अधिक लोकांना लस टोचली गेली. बर्फाची ओझी वाहून कार्यकर्ते दमत, म्हणून पुन्हा तपासण्या केल्या. २०१२ साली ही लस चाळीस अंशांपर्यंतच्या उष्णतेत चार दिवस बाहेर ठेवायला परवानगी मिळाली.

आता आपल्या शेजारच्या सुनेकडे वळू. तिचा दिवस बैठकांत जातो. संशोधन, उत्पादन, गुणवत्ता, चाचण्या, परवाने, खरेदी, हिशेब, सगळ्यांची माणसं समोर, आणि त्यांतलं एकही तिच्या हाताखालचं नाही! प्रत्येकाचा साहेब वेगळा. हुकूम चालत नाही, शब्दावर काम करून घ्यावं लागतं. मधल्या सुनेला हे निराळं समजावून सांगायला नको.

तिची खरी कसोटी वाईट बातमीच्या वेळी. समजा, रात्री शीतगृहाचा पारा आठ अंशांच्या वर गेला. उत्पादनवाले म्हणतात, तासाभराचा तर प्रश्न, जाऊ द्या. गुणवत्तेची मुलगी म्हणते, तपासल्याशिवाय एकही बाटली हलणार नाही. अशा वेळी आपल्या बाईनं त्या मुलीच्या मागे उभं राहायचं असतं आणि त्याच दिवशी वरच्यांना सांगायचं असतं की तारीख पुढे गेली. बातमी शिळी होऊ द्यायची नाही. कधी तर चाचणीत औषधाचा गुणच दिसत नाही. मग पाच वर्षांचं काम थांबवा, असं सांगणाराही कागद तिलाच तयार करावा लागतो. माझ्या मते पगार खरा याचाच.

या कामाला थेट पदवीची वाट नाही. बी.फार्म., सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानातली एम.एस्सी. करून आधी काही वर्षं प्रयोगशाळेत, गुणवत्तेत किंवा परवान्यांच्या खात्यात काढलेली माणसं पुढे इकडे येतात. पुणे, हैदराबाद, बंगळूर इथं अशी कामं आहेत. तुमची लेक त्या वाटेवर असेल तर एक आधीच सांगून ठेवते: अमेरिकेत सकाळ होते तेव्हा आपल्याकडे जेवणाची वेळ असते. रात्री साडेनऊला ती फोन घेऊन आत गेली तर ताट झाकून ठेवा, रागावू नका.

त्या आफ्रिकेतल्या तापाचं पुढे काय झालं, हे विचाराल. ही लस ज्या ‘ए’ जातीच्या जंतूवर होती, त्याचा २०१७ नंतर त्या पट्ट्यात एकही रुग्ण आढळलेला नाही. पण त्याच्या भाऊबंदांनी साथी चालूच ठेवल्या. म्हणून सीरम आणि ‘पाथ’ यांनी पाच जातींवरची एकच लस केली. जुलै २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली, आणि २०२४ साली नायजेरियानं ती सगळ्यांच्या आधी सुरू केली. पाच जाती म्हणजे पाच साखरा, पाच वेगवेगळ्या तपासण्या, आणि वेळापत्रक मात्र एकच.