हृदयात नापास, पोटरीत पास

हृदयाच्या धमनीत टाकलेल्या स्टेंटची खरी गरज किती दिवस असते? सहा महिने, फार तर वर्ष. फुग्याने दाबून रुंद केलेली धमनी पुन्हा आकसू नये म्हणून तेवढा काळ तिला आतून आधार लागतो. मग आतली जखम भरून येते आणि धमनी स्वतःच्या बळावर उघडी राहते. स्टेंट मात्र जन्मभर तिथेच. स्लॅब पक्का झाला की सेंट्रिंग काढतात, इथे ते काढायची सोयच नाही.

बरं, तो गुमान पडून राहतो असंही नाही. जिना चढताना, घाबरल्यावर धमनी रुंदावते, आकसते; धातूच्या जाळीत अडकलेल्या भागाला ते जमत नाही. पुढे बायपासची वेळ आली, तर नेमक्या त्याच जागी सर्जनच्या सुईला धातू आडवा येतो. आणि पहिलं वर्ष सुखरूप गेलं तरी दरवर्षी साधारण दोन टक्के रुग्णांत स्टेंटच्या जागी काही ना काही तक्रार उद्भवत राहते.

काम झाल्यावर विरघळून जाणारा स्टेंट माणसाच्या हृदयात पहिल्यांदा बसवला तो जपानच्या हिदेओ तामाई यांनी, 1998च्या सुमारास. केइजी इगाकी यांनी घडवलेली ती जाळी पॉलिलॅक्टिक आम्लाची होती. विरघळणाऱ्या टाक्यांच्या दोऱ्यात वापरतात त्याच कुळातलं हे प्लास्टिक. शरीरातल्या पाण्याने त्याच्या साखळ्या तुटत जातात, लॅक्टिक आम्ल उरतं आणि शेवटी त्याचंही पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. ही जाळी नीट उघडावी म्हणून तामाई फुग्यात 80 अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेलं रंगद्रव्य भरत. धडधडत्या हृदयाच्या धमनीत गरम द्रव भरलेला फुगा! पहिल्या 15 रुग्णांचे निष्कर्ष 2000 साली प्रसिद्ध झाले.

ही कल्पना बाजारात आणली ॲबट कंपनीने, ‘ॲब्सॉर्ब’ या नावाने. जाळीवर एव्हरोलिमस या औषधाचा लेप होता. युरोपात 2011मध्ये मान्यता मिळाली, 2012च्या अखेरीस ॲब्सॉर्ब भारतात आला, 2016च्या जुलैत अमेरिकेनेही होकार दिला. हृदयोपचारातली चौथी क्रांती म्हणून त्याचा गाजावाजा झाला. आपल्याकडे एका स्टेंटला दोन लाखांच्या आसपास मोजावे लागत. 2017च्या फेब्रुवारीत केंद्राच्या औषध दर प्राधिकरणाने औषधी लेपाच्या धातूच्या स्टेंटबरोबर यालाही 29,600 रुपयांची कमाल मर्यादा घातली. हा निर्णय ‘नावीन्याची गळचेपी’ असल्याची ओरड तेव्हा झाली. पण तोवर चाचण्यांचे आकडेच बोलू लागले होते.

नेदरलँड्समधल्या एका मोठ्या चाचणीत दोन वर्षांत ॲब्सॉर्बच्या 3.5 टक्के रुग्णांच्या स्टेंटमध्ये गुठळी झाली, धातूच्या स्टेंटमध्ये 0.9 टक्के. दुसऱ्या चाचणीने तर मूळ आश्वासनालाच हात घातला. धमनी पुन्हा मोकळेपणाने रुंदावेल-आकसेल म्हणून हा सगळा खटाटोप, पण तीन वर्षांनी मोजलं तेव्हा धातूच्या तुलनेत कसलाच फायदा दिसला नाही. 2017च्या सप्टेंबरमध्ये कंपनीने विक्री थांबवली.

घोटाळा जाडीत होता. प्लास्टिक धातूइतकं दणकट नाही, म्हणून जाळीच्या काड्या दीडशे मायक्रॉन जाड ठेवाव्या लागल्या. त्याच कंपनीच्या धातूच्या स्टेंटच्या काड्या 81 मायक्रॉनच्या. तीन मिलिमीटरच्या धमनीत एवढ्या जाड काड्या आल्या की त्यांच्यामागे रक्त घुटमळतं आणि तिथेच गुठळी धरते. काडीवर पेशींचा थर नीट चढला नसेल, तर विरघळताना सुटलेले तुकडे प्रवाहात लोंबकळतात. बसवायची रीतही नाजूक. फुग्याचा दाब दर पाच सेकंदांना दोन-दोन ॲटमॉस्फिअरने वाढवायचा, जास्त ताणलं की काडी तडकते. धातूची जाळी झटक्यात फुगवायला सरावलेल्या हातांना हा संथपणा सहज जमणारा नव्हता.

अमेरिकेतल्या एका चाचणीतल्या रुग्णांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं गेलं. पहिली तीन वर्षं ॲब्सॉर्ब मागे पडला. पण तीन वर्षांनी, म्हणजे तो विरघळून गेल्यावर, जास्तीचा धोकाही उरला नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हाच सगळ्यात बोलका निष्कर्ष आहे. विरघळण्याची कल्पना चुकली नव्हती, विरघळेपर्यंतची तीन वर्षं महागात पडत होती.

म्हणून आता काड्या बारीक करण्याची स्पर्धा आहे. पालघरची हद्द ओलांडली की लागणाऱ्या वापीत मेरिल कंपनीने 100 मायक्रॉनचा स्टेंट तयार केला. जर्मनीची बायोट्रॉनिक मॅग्नेशियमकडे वळली. ते वर्षभरात बहुतेक नाहीसं होतं. तरीही हृदयात यांची गाठ धातूच्या उत्तम स्टेंटशी आहे.

गुडघ्याखाली तसं नाही. मधुमेहात पोटरीच्या बारीक धमन्या चोंदतात, बोटावरची जखम भरत नाही आणि गोष्ट पाय कापण्यावर येते. तिथल्या धमन्यांसाठी अमेरिकेत एकही स्टेंट मान्यताप्राप्त नव्हता. फुगा फुगवायचा, काढायचा आणि धमनी पुन्हा बंद होण्याची वाट पाहायची. ॲबटने तीच प्लास्टिकची जाळी 99 मायक्रॉनपर्यंत बारीक करून 261 रुग्णांवर तपासली. वर्षभरानंतर पाय शाबूत, धमनी उघडी आणि पुन्हा उपचारांची गरज नाही, असे रुग्ण जाळीच्या गटात 74 टक्के निघाले, फुग्याच्या गटात 44 टक्के. 2024च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने तिला मान्यता दिली.

प्रतिस्पर्धी दुबळा होता, हे मान्य करायला हवं. फरक पडला तो मुख्यतः धमनी उघडी राहण्यात. शिवाय चाचणीत घेतलेले रुग्ण म्हणजे झोपेतही पाय ठणकणारे किंवा छोटी जखम, थोडासा गँगरीन असलेले. पाऊल बरंचसं काळं पडल्यावर दवाखान्याची पायरी चढणाऱ्यांना तीत घेतलंच नव्हतं.