भिंग कलते, शहर खेळणे होते

उंचावरून टिपलेले शहराचे छायाचित्र. चौकातील बस काड्यापेटीएवढी, माणसे किल्ल्यावरच्या मातीच्या चित्रांसारखी. रस्त्याचा एक पट्टा लख्ख, अलीकडचे-पलीकडचे सारे पुसट. पाहणाऱ्याला ही लहानशी प्रतिकृती वाटते. प्रत्यक्षात शहर खरे असते, कललेले असते ते कॅमेऱ्याचे भिंग. इटालियन छायाचित्रकार ओलिव्हो बार्बिएरी यांनी २००३ पासून रोम व इतर शहरे हेलिकॉप्टरमधून अशीच टिपली.

एरवी कॅमेऱ्यातील भिंग आणि फिल्म किंवा सेन्सर एकमेकांना समांतर असतात. म्हणून स्पष्टतेचे प्रतलही समांतर, समोर धरलेल्या तावदानासारखे असते. भिंग काही अंश कलविले, की हे तावदान कितीतरी अधिक कलते. भिंग, फिल्म आणि स्पष्टता यांची प्रतले वाढविल्यास एकाच रेषेत मिळतात, हा त्यामागचा नियम. ऑस्ट्रियन सैन्यातील कॅप्टन थिओडोर शाइमफ्लुग यांच्या १९०४ च्या पेटंटमुळे तो त्यांच्या नावे ओळखला जातो. फ्रान्सच्या ज्यूल कार्पांतिए यांचे १९०१ चे पेटंट आपल्या आधीचे असल्याचे त्यांनी स्वतःच नमूद केले होते. गंमत अशी, की शाइमफ्लुग यांना काहीच पुसट करायचे नव्हते. बलूनमधून तिरप्या आलेल्या छायाचित्रांवरून अचूक नकाशे करणे, हा त्यांचा ध्यास होता.

वाढलेले ताट तिरपे टिपताना भिंग ताटाच्या दिशेने झुकविल्यास लिंबाच्या फोडीपासून पलीकडच्या वाटीपर्यंत सारे स्पष्ट येते. उलट कलविल्यास एखादा पट्टाच उरतो. इतकी उथळ स्पष्टता एरवी अगदी जवळून टिपलेल्या लहान वस्तूंच्या चित्रांत असते. त्या सवयीनेच मेंदू फसतो आणि इमारतीला खेळणे समजतो. म्हणूनच बातमीच्या छायाचित्रात हा प्रयोग नको. पुरात अडकलेली माणसे बाहुल्यांसारखी दिसणे परवडणारे नाही.

हौशी मंडळींना खर्च आडवा येतो. कॅननने १९९१ मध्ये आणलेली, आठ अंशांपर्यंत कलणारी भिंगे महागडी होती. २००४ मध्ये आलेल्या 'लेन्सबेबी'ची नळी बोटांनी वाकविता येई. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे साधे ५० मिलिमीटरचे भिंग कॅमेऱ्यापासून सोडवून हातानेच किंचित तिरके धरणे. फोकस आपोआप होत नाही. शरीर मागेपुढे करून साधावा लागतो. फटीतून प्रकाश शिरतो, तो कधी चित्राला शोभतोही. धूळ मात्र थेट सेन्सरवर बसते, तेव्हा वाऱ्यावर किंवा समुद्रकिनारी हा उद्योग टाळलेलाच बरा.