कारखान्याच्या फाटकाआतली श्रद्धा
(श्रद्धा आणि श्रम : लेखांक ४)

सेमिनरीत शिकणारा जोझेफ कार्डाइन सुट्टीत हाल या ब्रुसेल्सजवळच्या गावी परतला, तेव्हा त्याचे शाळासोबती कारखान्यांत कामाला लागले होते. ते त्याच्याशी पूर्वीसारखे बोलेनात. धर्मगुरू होऊ घातलेला मित्र आता मालकांच्या गोटातला, अशी त्यांची समजूत झाली होती. ही सल त्याच्या मनातून कधीच गेली नाही. त्याला शिकता यावे म्हणून वडील उतारवयातही राबत राहिले. १९०३ मध्ये त्यांच्या मृत्युशय्येपाशी त्याने आपले आयुष्य कामगारांना वाहण्याची शपथ घेतली.

१९०६ मध्ये गुरुदीक्षा झाली. १९१२ मध्ये फादर कार्डाइन ब्रुसेल्सच्या लाकेन भागातल्या धर्मग्रामात आले आणि त्यांनी सुरुवात केली ती शिवणकामावर पोट भरणाऱ्या मुलींपासून. चळवळीच्या इतिहासात या मुलींचा उल्लेख ओझरता येतो. तो ठळक यायला हवा. पुढे फर्नांद तोने, पॉल गार्से आणि जाक मेर हे तरुण त्यांना येऊन मिळाले. १९२५ पर्यंत ‘ख्रिस्ती कामगार युवक’ ही संघटना उभी राहिली.

तिचे बळ होते छोट्या गटांच्या बैठकांत. शुभवर्तमानातला एखादा उतारा वाचायचा आणि मग आपल्या कामाच्या जागेची चौकशी करायची. नव्याने लागलेल्या पोराला पहिल्या दिवशी कोणी सांभाळून घेतले? मुकादम मुलींशी कसा बोलतो? आजारी पडलेल्याच्या घरी कोण जाऊन आले? आधी नीट पाहायचे, मग येशूच्या शिकवणुकीवर पारखायचे आणि शेवटी आपल्याला झेपेल असे काहीतरी करायचे. ‘पाहा, पारखा, करा’ ही ती पद्धत. गटाचा प्रमुख कामगारच असे, फादर मागे बसत. चौदाव्या-पंधराव्या वर्षी शाळा सुटलेल्या मुलांच्या अनुभवाला एवढे वजन देणे, हे त्या काळच्या चर्चमध्ये फार धाडसाचे होते.

विरोधही झालाच. कामगार तरुणांची वेगळी चूल मांडली तर कॅथलिक युवकांत फूट पडेल, अशी बेल्जियमचे कार्डिनल मर्सिए यांना धास्ती होती. कार्डाइन थेट रोमला गेले आणि १९२५ मध्ये पोप पायस अकरावे यांचा पाठिंबा घेऊन आले.

दुसऱ्या महायुद्धात या श्रद्धेची जबर किंमत मोजावी लागली. तोने आणि गार्से दोघेही १९४५ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत मरण पावले. संघटना मात्र टिकली आणि १९५७ मध्ये जगभरातले सुमारे ३० हजार तरुण कामगार रोममध्ये जमले. १९६१ मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी ‘मातेर एत माजिस्त्रा’ या परिपत्रकात त्या तीन पायऱ्या नोंदवल्या. लाकेनच्या बैठकांतली रीत आता चर्चच्या सामाजिक शिकवणुकीत आली होती.

याच चळवळीत वावरलेल्या फ्रान्समधल्या काही धर्मगुरूंना मात्र नुसते मागे बसणे पुरेसे वाटेना. ते स्वतःच कारखान्यात कामाला लागले. त्यांच्याविषयी पुढच्या आठवड्यात.