जुनी रायफल घरात येते

मराठी मध्यमवर्गीय घरात बंदूक शिरते ती दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापुरती. त्यापुढचा प्रांत शिकाऱ्यांचा, फौजदारांचा नि संस्थानिकांचा. तेव्हा अमेरिकेतल्या ओहायो राज्यात राहून दिवसभर हिशेबाच्या वह्या तपासणारा माझ्यासारखा गृहस्थ जुनी रायफल विकत घ्यायला निघाला, याचे वाचकांना नवल वाटेल.

कारण घडले ते कोल्हापूरकडचे. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. आमच्या तेरा वर्षांच्या कन्येने तो सामना पाहिला आणि गावातल्या नेमबाजीच्या क्लबात नाव घातले. पुढे तिला स्वतःची रायफल हवीशी झाली. "आणा हो, पण घरात अपघात होणार नाही याची आधी हमी द्या!" ही आमच्या मंडळींची अट. सारे अडले होते ते तिथे.

शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांचे आयुष्य लेथ मशीनवर गेले. त्यांना मी दुकानात बरोबर नेले. दुकानदार चाप ओढताच पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या रायफलीचे गुण गाऊ लागला. आमच्या म्हाताऱ्याचे तिकडे लक्षच नव्हते. त्याने कोपऱ्यातली एक धुळकट रायफल उचलली : विंचेस्टर ६७. १९३४ ते १९६३ या काळात कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनच्या कारखान्यात निघालेली, पॉइंट टू-टू बोअरची, एकेरी. किंमत १८० डॉलर.

तिची तऱ्हा अशी की, काडतूस हाताने एकेक भरायचे, बोल्ट बंद करायचा. तरी नुसता चाप ओढून काही होत नाही. बोल्टच्या मागचे बोंड बोटांनी खेचून स्प्रिंग ताणावी, तेव्हा कुठे गोळी सुटते. प्रत्येक गोळीसाठी एवढा खटाटोप! दुकानदाराला तो कमीपणा वाटला. मला हवी होती ती हमी तिथेच दिसली. (अर्थात काडतूस आत ठेवून रायफल कधी बाजूला ठेवायची नाही, हे म्हाताऱ्याने तिथल्या तिथे बजावले.)

मग तपासणी. बोल्ट उघडून नळी रिकामी असल्याची खात्री झाल्यावर त्याने मागे पांढरा कागद धरला आणि पुढून आत पाहिले. पूर्वीच्या काडतुसांतला पेटता मसाला नळीत क्षार सोडी. साफसफाई चुकली की आत गंजाचे खड्डे पडत. इथे पेच स्वच्छ होते. नंतर नळीवरून त्याने सावकाश बोटे फिरवली. आत अडकलेल्या गोळीमागून दुसरी झाडली की नळी तिथे फुगते. तो फुगवटा डोळ्याआधी बोटांना कळतो.

दुकानदार म्हणाला, "चाप ओढून बघा की!" म्हाताऱ्याने रिकामी पुंगळी मागून घेतली. या जातीच्या काडतुसात पेटता मसाला बुडाच्या कडेत आतून भरलेला असतो आणि पिन ती कड चेपते. काडतूस नसेल तर पिन नळीच्या कडेवर आपटून खाच पाडते, मग पुंगळ्या अडकू लागतात. पुंगळी घालून चाप ओढला, ठसा खोल उमटला. भिंगातून कड पाहिली, तीही शाबूत. दस्त्यावर कुणीतरी चाकूने आद्याक्षरे कोरली होती. त्यापायी मी १५ डॉलर कमी करून घेतले. हिशेबनीस उगीच का झालो!

आपल्याकडे आधी परवाना, मग हत्यार. ओहायोत रायफलीला परवाना लागत नाही. दुकानात फॉर्म भरायचा आणि पूर्वचरित्राची चौकशी होते. मी इथला नागरिक आहे, त्यामुळे काम मिनिटांत आटोपले. क्रमांकाच्या रकान्याशी मात्र मी थबकलो, कारण रायफलीवर क्रमांकच नव्हता. १९६८ च्या कायद्याआधी अशा स्वस्त रायफलींवर तो घालण्याची सक्ती नव्हती. दुकानदाराने शांतपणे 'नाही' असे लिहिले.

आता रायफल लोखंडी कपाटात, काडतुसे दुसऱ्या कपाटात आणि दोन्ही किल्ल्या हिच्या पर्समध्ये. पहिल्या सरावाला ही स्वतः आली. पहिली पुंगळी म्हाताऱ्याने उचलून कड पाहिली; कुठे फुटलेली नव्हती. कन्या पालथी पडून नेम धरत होती, मी दुर्बिणीतून वर्तुळे बघत होतो. ही मागच्या बाकावर बसून एवढेच पाहत होती, की प्रत्येक गोळीनंतर बोल्ट उघडला की नाही.